बाटलीच्या बुडातले अश्मयुग

पालघर जिल्ह्यातला सूर्यमाळचा डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत लाव्हाचा आहे. जव्हार, मोखाडा, खोडाळा या साऱ्या पट्ट्यात मातीचा थर बाजूला केला की खाली काळा पाषाण लागतो. सह्याद्रीतल्या लाव्हाच्या थरांची भूशास्त्रज्ञांनी जी क्रमवारी लावली आहे, तिच्यातल्या तळाच्या थरसमूहाला जव्हारचेच नाव मिळाले आहे. त्याच्यावर इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी आणि भीमाशंकर हे थर चढत जातात. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे लोटच्या लोट पसरले, पण एवढ्या लाव्हातून कामाची काच मात्र निपजली नाही. मेक्सिको, इथिओपिया, तुर्कस्तान इथल्या ज्वालामुखींनी ऑब्सिडियन नावाची काळी नैसर्गिक काच दिली, कारण तिथल्या लाव्हात सिलिका भरपूर होती. असा लाव्हा घट्ट आणि चिकट असतो. थंड होताना त्यातल्या अणूंना स्फटिकाच्या शिस्तीत बसायला सवडच मिळत नाही. दख्खनच्या लाव्हात सिलिका जेमतेम निम्मी. तो पातळ होता, दूरवर वाहत गेला आणि थंड होता होता त्यात बारीक स्फटिक बांधले गेले. म्हणून या डोंगरांत हाताला येईल एवढा काचेचा गोळा सापडत नाही. या मुलखात घडवण्याजोगी काच मुबलक मिळू लागली ती बाटल्यांच्या रूपाने, अगदी अलीकडे. अशा बाटलीच्या जाड बुडातून कपचे काढून बाणाचे टोक किंवा तासणी घडवता येते, आणि ती वस्तू संग्रहालयातल्या अकिकाच्या हत्याराशेजारी ठेवली तर घडणीत फरक दाखवणे कठीण जाते. मग ही वस्तू कोणत्या युगाची म्हणायची? या प्रकरणाचे म्हणणे असे आहे की दगडी हत्यारे घडवणे हे एक कसब आहे. ते पदार्थ कसा फुटतो याच्या ज्ञानावर उभे आहे. आणि म्हणूनच त्या कसबावरून कोणत्याही समाजाचे वय काढता येत नाही.

आधी फुटण्याचे शास्त्र पाहू. लाकूड धाग्याच्या दिशेने चिरते, अभ्रकाचे पापुद्रे निघतात, मिठाचा खडा चौकोनी तुकड्यांत तुटतो. या सगळ्यांना आपापल्या ठरलेल्या दिशा आहेत. काचेला अशी दिशा नाही. बाटलीची काच म्हणजे सुमारे 70 ते 75 टक्के सिलिका आणि उरलेला भाग मुख्यतः सोडा व चुना. हे मिश्रण वितळवून थंड केले की त्यातले अणू रांगा न लावताच घट्ट होतात. त्यामुळे बाहेरून आलेला धक्का काचेत सर्व बाजूंना सारखाच पसरतो. काचेच्या तावदानावर छऱ्याचा मार बसला की आत शंकूच्या आकाराची चीर उमटते आणि मागच्या बाजूने पसरट शंकू निखळून पडतो. ज्याच्या नावाने आपण रेडिओच्या कंप्रता मोजतो त्या हाइनरिश हर्ट्‌झने 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला गोल वस्तू टणक पृष्ठभागावर दाबली की ताण कसा पसरतो याचे गणित मांडले, आणि अशा शंकूला आज त्याचेच नाव आहे. दगड घडवणारा माणूस हाच शंकू वापरतो, फक्त तो कडेजवळ मारतो. कडेवर घाव बसला की पूर्ण शंकू तयार होत नाही, त्याची एक फाक दगडाच्या अंगासरशी धावते आणि पातळ कपचा सुटतो. त्या कपच्यावर घावाच्या जागेखाली एक फुगवटा असतो आणि तिथून पुढे शिंपल्यावर असतात तशा वर्तुळाकार लहरी पसरलेल्या दिसतात. गारगोटी, अकीक, जास्पर, चकमकीचा दगड, ऑब्सिडियन आणि बिअरची बाटली यांच्या कपच्यांवर ही एकच लिपी उमटते. घाव कुठे बसला, कोणत्या दिशेने गेला, किती जोरात होता, हे सगळे तिच्यावरून वाचता येते.

पण काच फुटते म्हणजे हत्यार आपोआप तयार होते असे नाही. बाटलीची भिंत पातळ आणि वळलेली असते, तिच्यातून सरळ पाते निघणे अवघड. कामाचा भाग म्हणजे बूड, कारण तिथे काच जाड असते. बूड वेगळे केल्यावर त्याची कड आधी खरबरीत काळ्या दगडावर घासून बोथट करतात. धार हवी असताना कड बोथट का करायची, असे पाहणाऱ्याला वाटते. पण धारदार कडेवर दाब दिला तर ती जागीच चुरते आणि चीर आत जातच नाही. घासलेली कड दाब झेलते. मग तळहातावर चामड्याचा जाड तुकडा ठेवून त्यावर ही बुडाची चकती धरायची, तांब्याच्या बोथट टोचणीचे टोक कडेवर टेकवायचे, पहिला जोर चकतीच्या मध्याकडे आणि मग हळूच खाली. कच्चदिशी आवाज होऊन खालच्या अंगाने नखाएवढा कपचा निघतो. चकती उलटायची, शेजारी पुन्हा तेच. दोन्ही बाजूंनी निघालेल्या कपच्यांच्या खुणा मधल्या रेषेपर्यंत पोहोचल्या की चकतीचे टोक बनू लागते. त्या आधीच थांबल्या तर मधे उंचवटा राहतो आणि पुढचा प्रत्येक कपचा त्या उंचवट्याला अडून तुटतो. या सगळ्यात एक नियम मोडून चालत नाही: ज्या कडेवर दाब द्यायचा तिचा कोन काटकोनापेक्षा कमी हवा. नवशिका जोर वाढवतो, कसबी माणूस कोन बदलतो. परदेशी पुस्तकांत टोचणीसाठी हरणाचे शिंग सांगितलेले असते. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तो मार्ग बंद आहे, तांब्याची जाड तार तेच काम करते. काचेचे बारीक कण डोळ्यांत आणि श्वासात जाऊ नयेत म्हणून चष्मा, हातमोजे आणि उघडी हवा हवीच.

आता महाराष्ट्रातले पुरावे या दृष्टीने पाहिले तर पूर्वजांची निवड किती नेमकी होती ते कळते. नेवाश्याजवळ चिरकी इथे 1960 च्या दशकात गुडरून कॉर्व्हिनस यांनी उत्खनन केले; तिथल्या मोठ्या हातकुऱ्हाडी बेसाल्ट आणि डोलेराईट या काळ्या दगडांच्या आहेत. हा दगड मोठमोठ्या गोट्यांत मिळतो, आपटल्यावर मोठा कपचा देतो आणि तोडायला, फोडायला पुरेसा दणकट असतो. पण त्याचे कण भरड असल्यामुळे त्यातून बोटाएवढे नाजूक पाते निघत नाही. पुढच्या काळात लहान हत्यारे हवी झाली तेव्हा माणसाने याच लाव्हातला दुसरा माल उचलला. लाव्हा थंड होताना अडकलेल्या वायूंच्या बुडबुड्यांत नंतर पाण्याबरोबर सिलिका साचली आणि तिच्या गारगोट्या, अकीक, कॅल्सेडनी तयार झाल्या. सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात दख्खनच्या पोकळ्यांतून निघालेला असा ऐवज पाहायला मिळतो. मुंबईच्या आसपास, कांदिवलीपासून साष्टीच्या किनाऱ्यापर्यंत, नौदलातले अधिकारी के. आर. यू. टॉड यांनी 1930 च्या दशकात दगडी हत्यारे शोधली. त्यांतल्या लघुअश्मास्त्रांसाठी असाच बारीक कणांचा दगड वापरलेला आहे. म्हणजे एकाच डोंगराचा काळा पाषाण जड कामाला आणि त्याच्याच पोटातली गारगोटी बारीक कामाला. ही निवड दगडाच्या रंगावर किंवा नावावर होत नव्हती, तो फुटल्यावर कशी कड देतो यावर होत होती. सूर्यमाळच्या एखाद्या प्राचीन कारागिराच्या हातात बाटलीचे बूड पडले असते तर त्याला नवे काही शिकावे लागले नसते. फक्त घाव हलका करावा लागला असता.

हे शेवटचे वाक्य कल्पनेतले वाटेल, पण त्याची चाचणी घेतली गेली आहे, आणि तीही पालघरच्या उत्तरेला, खंभातच्या आखाताच्या टोकाशी. खंभात शहरात अकिकाचे मणी घडवणारे कारागीर आजही आहेत. जमिनीत तिरकी रोवलेली लोखंडी सळई, तिच्या टोकाला टेकवलेला अकीक आणि वरून शिंगाच्या डोक्याची हलकी हातोडी: घाव वर बसतो आणि कपचा सळईच्या बाजूने निघतो. मालाचा मुख्य पुरवठा राजपिपळ्याजवळच्या रतनपूरच्या खाणींतून होत आला. व्हॅलेंटाइन रू आणि ब्लांदिन ब्रिल या फ्रेंच अभ्यासकांनी या कारागिरांच्या हालचाली उपकरणांनी मोजल्या. त्यांनी कारागिरांना नेहमीच्या अकिकाबरोबर काचही घडवायला दिली. काच ही त्यांच्या रोजच्या कामातली वस्तू नव्हती. जे सर्वांत कसलेले होते त्यांनी काचेचा ठिसूळपणा ओळखून हातोडीचा वेग कमी केला आणि आकार साधला. जे साधारण दर्जाचे मणी करत आले होते त्यांना हा बदल तितका जमला नाही. कसब दगडात साठलेले असते तर दगड बदलल्यावर दोघेही सारखेच अडले असते. कसलेला माणूस अडला नाही, कारण त्याला ठाऊक होते ते घावाचे आणि चिरेचे नाते. याच खंभातच्या कारागिरांकडे मोबाइल आहे, बँकेचे खाते आहे, आणि त्यांचा माल मोटारीने बाजारात जातो. ते हजारो वर्षे जुन्या पद्धतीने दगड फोडतात म्हणून त्यांना कोणी अश्मयुगातले म्हणत नाही. व्यवसायाने बांधलेल्या माणसाच्या बाबतीत आपण हे सहज मान्य करतो. जंगलात राहणाऱ्याच्या बाबतीत मात्र आपली जीभ घसरते.

बाटलीच्या काचेची खरी हत्यारे जगात जिथे जिथे नोंदली गेली, तिथे हाच धडा मिळतो. अंदमानात 1858 मध्ये इंग्रजांनी काळ्या पाण्याची वसाहत वसवली. तिथे अधिकारी असलेल्या ई. एच. मॅन यांनी 1883 मध्ये अंदमानी लोकांवर विस्तृत वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यात डोके भादरण्यासाठी आणि अंगावर नक्षीचे छेद देण्यासाठी गारेचे व काचेचे कपचे वापरत असल्याची नोंद आहे; कपचे काढणे हे बायकांचे काम, पात्यासारखी धार असलेले तुकडे भादरायला, अणकुचीदार तुकडे छेद द्यायला, आणि एकदा वापरलेला तुकडा टाकून द्यायचा. दुसरे उदाहरण कॅलिफोर्नियाचे. ‘याही’ नावाच्या जमातीतला इशी हा माणूस आपल्या लोकांचा संहार झाल्यावर 29 ऑगस्ट 1911 रोजी ओरोव्हिल गावाजवळ एकटाच सापडला आणि 1916 मध्ये मृत्यू होईपर्यंत सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ-संग्रहालयात राहिला. तिथे तो बघ्यांसमोर बाटलीच्या काचेतून अप्रतिम बाणटोके घडवी. त्याच्या टोकांचा आकार ‘याही’ लोकांच्या जुन्या टोकांपेक्षा शेजारच्या जमातींच्या टोकांशी अधिक जुळतो, असे पुढे स्टीव्हन शॅक्ली यांनी दाखवले. म्हणजे ज्याला वर्तमानपत्रांनी ‘शेवटचा अश्मयुगीन माणूस’ ठरवले, त्याचे कसबही शेजारपाजाऱ्यांच्या देवघेवीतून बदललेले होते. तिसरे उदाहरण वायव्य ऑस्ट्रेलियातल्या किंबर्लीचे. तिथल्या आदिवासींनी करवती कडेची, पानासारखी पातळ भालाटोके बाटल्यांच्या काचेतून आणि तारायंत्राच्या खांबांवरच्या चिनीमातीच्या चिमण्यांतूनही घडवली. रॉडनी हॅरिसन यांनी दाखवले की यातली पुष्कळशी टोके गोऱ्या संग्राहकांच्या मागणीसाठी होती. ती जुनी भासावीत असे घेणाऱ्याला वाटत होते. घडवणारे मात्र नव्या मालाचा आणि नव्या बाजाराचा नेमका अंदाज घेऊन काम करत होते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सगळे नाइलाजाचे प्रकार आहेत. लोखंड मिळाले नाही म्हणून काच. लोखंड मिळताच काच सुटणार. वरवर हे पटण्याजोगे आहे, पण अंदमानचाच पुरावा त्याच्याविरुद्ध जातो. फुटलेल्या जहाजांचे लोखंड अंदमानी लोक गोळा करत, ते ठोकून बाणांची पाती बनवत, आणि तरीही भादरायला काच वापरत. शिकारीच्या पात्याला आपटल्यावर न तुटणारा पदार्थ हवा, वस्तऱ्याला अतिशय बारीक धार हवी. दोन कामांना दोन पदार्थ, एवढाच हिशेब. महाराष्ट्रात हाच हिशेब तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी झालेला दिसतो. संगमनेरजवळच्या जोर्वे इथे तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या, आणि त्याच संस्कृतीच्या इनामगावात, शिरूर तालुक्यातल्या घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजच्या उत्खननात कॅल्सेडनीची पाती विपुल सापडली. गाभ्याच्या लांबीभर आधी नागमोडी धार घडवायची, तिच्यासरशी पहिले पाते काढायचे, मग त्याला समांतर एकामागून एक पाती उतरवत जायची, अशी ती पद्धत होती. तांबे माहीत असलेले शेतकरी दगडाची पाती काढत होते, कारण तांबे महाग आणि मऊ, कॅल्सेडनी फुकट आणि धारदार. आणि ज्याला हा पुरावाही जुनाच वाटेल त्याने प्रयोगशाळेत डोकावावे. 1950 मध्ये लॅट्टा आणि हार्टमन यांनी दाखवून दिले की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी पेशींचे अतिपातळ काप घ्यायला ताज्या फोडलेल्या काचेची कड उत्तम. पोलादाचे पाते कितीही घासले तरी सूक्ष्मदर्शकाखाली करवतीसारखे खडबडीत दिसते. काच फुटते तिथे घासण्याचा प्रश्नच नसतो. पुढे हिऱ्याची पाती आली, तरी काचेची पट्टी बेताने फोडून चाकू बनवणे हे जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांतले नित्याचे काम राहिले. विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रगत उपकरणासाठी वापरलेले हे कसब अश्मयुगीन कारागिराने ओळखले असते. आपल्याकडचा सुतारही रंधा फिरवून झाल्यावर लाकूड गुळगुळीत करायला काचेचा तुकडा घेतो. त्यात मागासलेपण आहे असे कोणाला वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बाटल्या आपोआपही फुटतात. सूर्यमाळसारख्या थंड हवेच्या ठिकाणी सहलीला येणारे लोक बाटल्या फोडून जातात. त्यांवरून माणसे, गुरे, गाड्या जातात, पावसाळ्यात तुकडे ओढ्यातून गडगडत खाली येतात. अशा तुकड्यांच्या कडांवरूनही कपचे उडतात, त्यांनाही फुगवटा आणि लहरी असतात. मग घडवलेले कोणते आणि तुडवलेले कोणते? एकेका कपच्यावरून हे ठरत नाही, हे कबूल करायला हवे. चीर ही चीर आहे, तिला हात आणि खूर यांतला भेद कळत नाही. भेद कळतो तो क्रमावरून. पायाखाली आलेल्या तुकड्याच्या कडेवर कपचे वाटेल तिथे, वाटेल त्या बाजूला, कमीजास्त मापाचे असतात. घडवलेल्या तुकड्यावर ते एकाच कडेला, सारख्या अंतराने, एकाच बाजूने किंवा आलटून पालटून निघालेले दिसतात; कपचा काढण्याआधी कड घासून तयार केल्याच्या खुणा असतात; आणि तुकड्याची निवडही बोलकी असते, कारण घडवणारा मुद्दाम बुडाची जाड काच घेतो. ती जागा कारखाना असेल तर जवळच बारीक कपच्यांचा ढीग मिळतो आणि त्यातले काही मूळ तुकड्यावर परत बसवून दाखवता येतात. हीच कसोटी आपण गारगोटीच्या हत्यारांनाही लावतो, कारण नदीच्या पुरात आपटलेल्या गोट्यांनीही कितीतरी संशोधकांना चकवले आहे. म्हणजे हा आक्षेप काचेपुरता नाही. उलट काचेचा अभ्यास केल्याने जुन्या दगडांची पारख सुधारते, कारण काचेवर आपण गाडी घालून, गुरे चालवून, पाण्यात गडगडवून प्रत्यक्ष चाचण्या घेऊ शकतो आणि निकाल त्याच दिवशी तपासू शकतो.

काचेला आणखी एक सोय आहे, जी दगडाला नाही: ती आपली जन्मतारीख बरोबर घेऊन येते. गारगोटी कोट्यवधी वर्षांची असते, तिच्यावरून हत्याराचे वय कळत नाही. त्यासाठी थर, कोळसा, राख यांचा आधार शोधावा लागतो. बाटली मात्र माणसाने बनवलेली असते. मानेपर्यंत गेलेली साच्याची रेघ, बुडावरचे ठसे, काचेचा रंग यांवरून ती कोणत्या काळातली ते सांगता येते. महाराष्ट्रात जिचा गोटी सोडा म्हणून लौकिक आहे ती मानेत गोटी अडकवलेली जाड, हिरवट बाटली हायरम कॉड या इंग्रजाने 1870 च्या दशकाच्या आरंभी पेटंट केली. मायकेल ओवेन्सचे बाटल्या आपोआप बनवणारे यंत्र 1903 मध्ये आले. तेव्हा गोटी सोड्याच्या बाटलीतून घडवलेली तासणी जर कुठे मिळाली तर ती 1870 च्या आधीची असूच शकत नाही, आणि ओवेन्सच्या यंत्राच्या बाटलीतून घडवलेली विसाव्या शतकाच्या मागे नेता येत नाही. काचेच्या हत्यारांच्या अभ्यासात हा आधार मोलाचा ठरतो. दगडी हत्यारांच्या अभ्यासकांना ज्याची सदैव उणीव भासते, ती तारखेची खूण काच फुकट देते.

तिसरा आक्षेप हौशी कारागिरांबद्दलचा. आज जगभर अनेक जण छंद म्हणून बाटल्यांतून बाणटोके घडवतात. असल्या हौशीतून प्राचीन माणसाबद्दल काय कळणार? शिवाय नकला करून लोकांना फसवण्याची परंपरा जुनी आहे. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात ‘फ्लिंट जॅक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एडवर्ड सिम्पसनने खोटी दगडी हत्यारे करून संग्राहकांना आणि संग्रहालयांनाही विकली होती. यातला फसवणुकीचा भाग काचेच्या बाबतीत जवळजवळ गळून पडतो: हिरव्या बाटलीचे टोक कोणी दहा हजार वर्षांपूर्वीचे म्हणून खपवू शकत नाही. म्हणून शिकणाऱ्याने काचेवर शिकावे हेच इष्ट. सूर्यमाळच्या ओढ्यातली गारगोटी उचलून सराव केला आणि कपचे तिथेच टाकले तर उद्याच्या संशोधकासाठी खोटा पुरावा तयार होतो, आणि खरा पुरावाही त्यात हरवतो. ज्ञानाचा भाग मात्र उरतो. करून पाहिल्याशिवाय न कळणाऱ्या गोष्टी यात आहेत: एका टोकासाठी किती कचरा पडतो, कोणती चूक सुधारता येते, कोणती येत नाही, कपचा अर्ध्यात तुटण्याचे कारण काय. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया यांनी 1964 मध्ये दगडी हत्यारांवर जे पुस्तक लिहिले त्यात हत्यारांच्या नावांबरोबर त्यांच्या घडणीच्या तंत्रांचाही विचार केला, कारण नुसत्या आकारावरून हत्यार समजत नाही. हौशी कारागिराचा प्रयोग इतिहास सिद्ध करत नाही हे खरे. पण कोणते स्पष्टीकरण अशक्य आहे ते तो सांगतो, आणि विज्ञानात नकाराचेही मोल असते.

शेवटचा आक्षेप अश्मयुग या कल्पनेच्या बाजूने येतो. कसबावरून वय मोजायचे नाही तर अश्मयुग, ताम्रयुग, लोहयुग ही विभागणी मोडीत काढायची का? तशी गरज नाही. कोपनहेगनच्या संग्रहालयात ख्रिश्चन थॉमसेन यांनी वस्तू लावण्यासाठी ही तीन युगे योजली आणि 1836 मध्ये ती छापून प्रसिद्ध केली. एका प्रदेशातल्या जमिनीखालच्या वस्तू कोणत्या क्रमाने आल्या हे सांगायला ती उपयोगी होती आणि आहे. रॉबर्ट ब्रूस फूट यांना 30 मे 1863 रोजी मद्रासजवळ पल्लावरम इथे जे हत्यार मिळाले ते पुराश्मयुगीन होते, या विधानात काही चूक नाही, कारण तिथे युग हे थरांचे नाव आहे. चूक होते ती हे नाव जिवंत माणसांना चिकटवले की. जव्हार-मोखाड्याचे वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्याबद्दल लिहिताना ‘जणू अश्मयुगात राहणारे’ ही शब्दयोजना पर्यटनाच्या लेखांत आजही सहज येते, आणि वारली चित्र दिसले की प्राचीन गुहाचित्रांची आठवण काढली जाते. ते चित्र तांदळाच्या पिठाने काढलेले असते हे विसरले जाते. तांदूळ हा शेतीचा माल, आणि डोंगरउतारावर नागली-वरई, खाचरात भात घेणाऱ्या माणसाच्या कमरेला लोखंडी कोयता असतो. याच मुलखात मुकणे घराण्याचे जव्हार संस्थान चौदाव्या शतकापासून 1948 मधल्या विलीनीकरणापर्यंत चालले. म्हणजे इथल्या माणसाने राजा पाहिला, महसूल भरला, बाजार केला. वर पाहिलेले सर्व पुरावे एकत्र ठेवले तर निष्कर्ष सरळ आहे. इनामगावच्या शेतकऱ्याने तांबे असून दगड फोडला, अंदमानच्या स्त्रीने लोखंड असून काच फोडली, खंभातच्या कारागिराने रेल्वेच्या जगात अकीक फोडला, आणि जीवशास्त्रज्ञाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी काच फोडली. या चौघांना एका शिडीच्या पायऱ्यांवर बसवता येत नाही, कारण शिडीच नाही. कामाला कोणता पदार्थ लागतो आणि हाताशी काय आहे याचा चौघांनी केलेला हिशेब आहे.

यातून दोन कामे निघतात, एक संशोधकाचे आणि एक शाळेचे. सूर्यमाळसारख्या पठारावर जुन्या हत्यारांचा शोध घेणारा आजवर काचेचा तुकडा दिसला की तो कचरा म्हणून ओलांडून जातो, कारण त्याच्या मनात अश्मयुग आणि बाटली यांच्यात हजारो वर्षांची भिंत आहे. ती भिंत काढली तर त्याने जाड बुडाचा तुकडा उचलून कडा तपासायला हव्यात: कपचे रांगेत आहेत का, कड घासलेली आहे का, बाटली कोणत्या काळातली आहे. बहुतेक वेळा उत्तर नकारार्थीच येईल. ते नोंदणे हेही काम आहे, कारण उद्या एखादा तुकडा होकारार्थी निघाला तर त्याची तुलना याच नोंदींशी करावी लागेल. शाळेचे काम त्याहून सोपे आणि त्याहून निकडीचे. इतिहासाच्या पुस्तकात अश्मयुगाच्या धड्याशेजारी आज आदिवासी पाड्याचे चित्र आले की मुलाच्या मनात जे समीकरण बसते ते पुढे मोठेपणी काढता येत नाही. त्या चित्राच्या जागी चार वस्तू शेजारी छापाव्यात: चिरकीची हातकुऱ्हाड, इनामगावचे पाते, खंभातचा घडता मणी आणि प्रयोगशाळेतला काचेचा चाकू. चारही वस्तूंच्या कडांवर एकाच नियमाने पडलेल्या खुणा मुलांना दाखवल्या की अश्मयुग म्हणजे मागे राहिलेली माणसे हा समज धड्याच्या पहिल्याच पानावर मोडेल, आणि पदार्थ ओळखून त्याला बेताने फोडणारी बुद्धी किती जुनी आहे आणि किती आजची आहे, हे वेगळे सांगावे लागणार नाही.